शिष्यवृत्ती पाचवीतून गेली, आता परिसर अभ्यासाचा तास परत द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिष्यवृत्ती परीक्षा परत चौथी-सातवीला नेल्यापासून सगळीकडे एकच चर्चा चाललीये, चौथीची पोरं लहान आहेत त्यांना झेपेल का, सराव कधी घ्यायचा, पुस्तकं कुठली आणायची. यात एका गोष्टीवर कुणीच बोलत नाहीये म्हणून हे पत्र लिहितेय. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवीला होती, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाला, आणि पाचवीत मुलं काय शिकतात असं आमच्या भागात कुणाला विचारलं की उत्तर येतं, स्कॉलरशिप आणि नवोदय, म्हणजे सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा. बस्स. आता स्कॉलरशिप तिथून निघाली तर तो मोकळा झालेला वेळ कुणाला द्यायचा हे आत्ताच ठरायला पाहिजे, नाहीतर जूनमध्ये तिथं दुसरा कुठलातरी क्लास येऊन बसेल आणि कुणाला कळणारही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तो वेळ मुळात परिसर अभ्यासाचा होता, तो त्यालाच परत मिळावा.

मी शिरूर तालुक्यात शाळेच्या रस्त्याला झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान चालवते आणि माझी मुलगी पाचवीत आहे. दुकानामुळं कुठल्या वर्गात काय चाललंय ते मला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त कळतं, कारण जे शिकवलं जातं त्याची झेरॉक्स निघतेच. दिवाळी झाली की व्हॉट्सअॅपवर पीडीएफ यायला लागतात, सरांच्या, क्लासवाल्यांच्या, पालकांच्या, सराव प्रश्नपत्रिका संच एक, संच दोन, गोल रंगवायच्या उत्तरपत्रिका गठ्ठ्यानं, आणि फेब्रुवारीपर्यंत मशीन गार होत नाही. आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा, गटात न बसणारं पद, रांगेत राजूचा नंबर डावीकडून कितवा, सांकेतिक भाषा, फाशावर समोरासमोरचे आकडे. माझा सीझन त्यावर आहे हे खरं आहे आणि तरीही मी हे लिहितेय. एवढ्या वर्षांत परिसर अभ्यासाचं म्हणून कुणी काही झेरॉक्सला आणलं असेल तर ते एप्रिलमध्ये, गाईडमधली प्रश्नोत्तरं, तीही "काकू फक्त स्टार केलेली पानं काढा" असं सांगून.

असं का होतं ते समजायला परीक्षेचा साचा बघा. शिष्यवृत्तीचे दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. एकूण ३०० गुण, त्यात परिसर अभ्यासाला शून्य. नवोदयचा पेपर ८० प्रश्नांचा, १०० गुणांचा, त्यात निम्मे गुण मानसिक क्षमतेला आणि राहिलेले अंकगणित व भाषेला, इथंही परिसर अभ्यास शून्य. म्हणजे ज्या दोन परीक्षांसाठी अख्खं वर्ष पणाला लावलं जातं त्या दोन्हींमध्ये या विषयाचा एक मार्कही नाही, मग जो तास आधी कापला जाणार तो कुठला हे सांगायला नको. चित्रकला आणि खेळाच्या तासाचंही तेच होतं पण ते निदान लोक बोलतात तरी, परिसर अभ्यास मात्र गुपचूप जातो कारण पुस्तक दप्तरात असतं, वेळापत्रकात तास असतो, त्यामुळं विषय चालूच आहे असं आपल्याला वाटतं.

आणि त्या पुस्तकांत काय आहे हे पालकांनी एकदा उघडून बघावं असं मला मनापासून वाटतं. परिसर अभ्यास भाग एकमध्ये आपली सूर्यमाला आणि पृथ्वीचं फिरणं आहे, पर्यावरणाचं संतुलन आहे, नकाशा कसा वाचायचा ते आहे, पाणी, अन्न टिकवायच्या पद्धती, वाहतूक, आपली आंतरेंद्रिये म्हणजे पोटात-छातीत काय काय कसं काम करतं ते, संसर्गजन्य रोग, मनातल्या भावना, नियम सगळ्यांसाठी सारखे का असतात ते. भाग दोन तर इतिहास म्हणजे काय इथून सुरू होतो, मग काळ कसा मोजायचा, पृथ्वीवर सजीव कसे आले, उत्क्रांती, माणसाची वाटचाल, अश्मयुगातली दगडाची हत्यारं, निवाऱ्यापासून गाव-वसाहतीपर्यंत, शेती आणि स्थिर जीवन, नागरी संस्कृती, आणि शेवटी ऐतिहासिक काळ. दहा-अकरा वर्षांच्या पोराला हे सगळं मिळतंय. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढल्यावर देशभरातल्या शास्त्रज्ञांनी सह्या करून विरोध केला होता, पेपरात रोज बातम्या होत्या, आणि आपल्या बालभारतीनं तोच विषय पाचवीच्या मुलांना सोप्या मराठीत दिलाय, चित्रांसकट. त्याचं कौतुक राहिलं बाजूला, आपण तो धडा न उघडता पुढं जातो.

गणिताचं पुस्तकही चांगलं आहे, रोमन अंक, दशांश अपूर्णांक, कोन, वर्तुळ, विभाज्य-विभाजक, परिमिती-क्षेत्रफळ, शेवटी बीजगणिताची तयारी. ते शिकवलं जातं कारण परीक्षेला आहे, त्यामुळं त्यावर मला काही म्हणायचं नाही.

आता आमच्या तालुक्याचं सांगते. इनामगाव आमच्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. तिथं डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वाच्या लोकांनी १९६८ पासून पुढं बरीच वर्षं उत्खनन केलं आणि साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं अख्खं गाव सापडलं. घरं सापडली, धान्याचं कोठार सापडलं, ते लोक सातू पिकवायचे ते कळलं, नदीच्या पुराचं पाणी वळवायला खणलेला पाट सापडला. लहान मूल वारलं तर दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. हे मी मुलीला सांगितलं तर ती जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, घरातच? मग त्यांना भीती नाही वाटायची? आणि मग पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाली, लांब ठेवायला जीव होत नसेल. आता मला सांगा, ही पोरगी त्या एका मिनिटात जे शिकली ते कुठल्या गोलात रंगवणार? पुस्तकातला गाव-वसाहतीचा धडा आणि आपल्या शेजारचं इनामगाव हे एकमेकांना जोडून दाखवायला एक तास लागतो, जास्त नाही. पण तिच्या वर्गात त्या धड्याला "घरी वाचून या" एवढाच वेळ मिळाला, कारण तो महिना जानेवारीचा होता.

इनामगावात आज जाऊन बघण्यासारखं फार उरलेलं नाही, पण तिथल्या वस्तू पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत, आमच्यापासून एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. शाळांच्या सहली मात्र वॉटर पार्कला जातात. मुलांनी पाण्यात खेळू नये असं मी म्हणत नाही, खेळावंच, पण पाचवीच्या वर्षात एक क्षेत्रभेट अशी व्हावी की पुस्तकात वाचलेलं दगडाचं हत्यार पोराला काचेपलीकडं का होईना डोळ्यानं दिसेल.

पाण्याचंच घ्या. आमच्याकडं चासकमान धरणाचं आवर्तन म्हणजे पाळीचं पाणी कधी सुटणार, घोडच्या कालव्याचं पाणी टेलला म्हणजे शेवटच्या टोकाला पोचलं का, यावरून घराघरात बोलणं चालू असतं, पोरं ते ऐकत मोठी होतात. पाचवीच्या पुस्तकात पाण्याचा धडा आहे, आपणच सोडवू आपले प्रश्न असा एक धडा आहे, सार्वजनिक सुविधा आणि माझी शाळा असा एक आहे. गुरुजींनी पोरांना कालव्यावर नेऊन हे पाणी कुठल्या धरणातून येतं, कुणाच्या शेताला किती दिवसांनी मिळतं, हे ठरवतं कोण, एवढं विचारलं तरी तीनही धडे एका फेरीत होतील. इनामगावातल्या लोकांनीसुद्धा पाटच खणला होता आणि पुढं पाऊस कमी होत गेला तशी त्यांची वस्ती मोडत गेली असं अभ्यासक सांगतात. अवर्षणाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मुलांना हे माहीत नको का?

दुसरं म्हणजे बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात उसात बिबटे आहेत, माणसं गेलीत, लहान मुलं गेलीत, हे तुमच्या पेपरनं वेळोवेळी छापलंय. अंधार पडायच्या आत पोरं घरात घ्यायची असा आमच्याकडं नेमच झालाय. दुकानात पोरं येतात तेव्हा त्यांच्या तोंडी हाच विषय असतो, कुणाच्या वस्तीवर दिसला, पिंजरा कुठं लावला, एक जण म्हणतो सगळे मारून टाकले पाहिजेत, दुसरा म्हणतो तो जंगलात का नाही राहत. प्रश्न अगदी बरोबर आहे. ऊस वाढला, पाणी आलं, लपायला बारमाही आडोसा मिळाला, खायला कुत्री आणि शेळ्या मिळाल्या, मादी उसातच पिल्लं घालायला लागली, त्या पिल्लांना जंगल माहीतच नाही. पर्यावरणाचं संतुलन हा धडा याच मुलांसाठी लिहिलाय की काय असं वाटावं, आणि तोच धडा त्यांनी वर्गात बोलून, भांडून, समजून घेतलेला नाही. मोठ्यांनी सांगितलेली भीती तेवढी त्यांच्याकडं आहे.

नकाशाचं तर मी रोज बघते. दुकानात महाराष्ट्राचे कोरे नकाशे विकायला असतात. बुद्धिमत्तेच्या पेपरात "रमेश उत्तरेकडे चालत गेला, उजवीकडे वळला" हे गणित चुटकीसरशी सोडवणारा मुलगा नकाशा हातात घेतो आणि पुणे कुठाय म्हटलं तर बोट विदर्भात फिरवतो, आणि माझ्या दुकानाच्या दारात उभं राहून उत्तर कुठं म्हटलं तर वर आभाळाकडं बघतो, कारण नकाशात उत्तर वर असते. यात मुलाचा काही दोष नाही, हुशार आहे तो, त्याला दिशा कागदावरच भेटल्या.

कुणी म्हणेल की आधी वाचायला-लिहायला येऊ दे, मग इनामगाव. मुलांना किती वाचता येतं याची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, ही काळजीचीच गोष्ट आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. पण वाचायला शिकायचं म्हणजे काहीतरी वाचायचं ना. ज्या पोराला भाषेच्या पेपरमधला उतारा आणि त्याखालचे चार पर्याय बघून झोप येते तेच पोर आंतरेंद्रियांच्या धड्यात जठर काय करतं ते अडखळत का होईना पूर्ण वाचतं, कारण ते त्याच्या स्वतःच्या पोटाबद्दल आहे. परिसर अभ्यास बाजूला ठेवून वाचन सुधारेल हे मला तरी पटत नाही. आणि ज्यांना वाचता येत नाही ती मुलं तशीही स्कॉलरशिपच्या बॅचमध्ये नसतात, ती मागच्या बाकावर असतात, सरांचं लक्ष पुढच्या निवडक मुलांवर, कारण शाळेच्या फ्लेक्सवर फोटो त्यांचे येणार. परिसर अभ्यास हा एकच तास असा आहे जिथं शेळ्या राखणाऱ्या पोराला पुढच्या बाकावरच्या पोरापेक्षा जास्त माहीत असतं.

मी परीक्षांच्या विरोधात नाही. नवोदय आमच्याच तालुक्यात पिंपळे जगतापला आहे, अख्ख्या पुणे जिल्ह्यातून सहावीला ८० मुलं घेतात, बारावीपर्यंत राहणं-खाणं-शिकणं सगळं फुकट, कष्टकऱ्याच्या लेकराला यापेक्षा मोठी संधी कुठली नाही, ज्यांना द्यायची त्यांनी जरूर द्यावी आणि सरांनी शाळा सुटल्यावर त्यांची तयारी घ्यावी, घेतातही बिचारे, पदरचा वेळ घालून घेतात. पण ८० जागांसाठी हजारो मुलांचं वर्ष त्याच साच्यात घालायचं आणि त्यातल्या ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्या हातात पाचवीचं म्हणून काहीच उरत नाही, हे बरोबर नाही. परीक्षेनंतरचा तो मार्च महिना मी बघते. पोरं एकदम सैल पडतात, कारण वर्ष संपलं असं त्यांना वाटतं, आणि तेव्हा घाईघाईत परिसर अभ्यासाचे धडे "कव्हर" होतात.

पाचवीची अजून एक अडचण आहे ती गावाकडच्यांनाच कळेल. शिक्षण हक्क कायद्यानं पाचवीपर्यंत प्राथमिक, नवीन शैक्षणिक धोरणातही तिसरी ते पाचवी एक टप्पा, पण आपल्याकडं जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीलाच संपतात आणि पाचवीला पोरगं हायस्कूलला जातं. तिथं दहावीचा रिझल्ट महत्त्वाचा, पाचवी म्हणजे सगळ्यात धाकटा वर्ग, जे सर मोकळे असतील ते तासाला. चौथीपर्यंत एकच बाई सगळे विषय शिकवायच्या, त्यांना पोराचं घर, शेत, वस्ती माहीत असायची, पाचवीत बेल वाजली की माणूस बदलतो. परिसर अभ्यास हा विषयच असा आहे की शिकवणाऱ्याला परिसर माहीत पाहिजे. पाचवी जिल्हा परिषदेच्या शाळेला जोडायची असं किती वर्षं ऐकतोय, जिथं खोली आणि शिक्षक आहे तिथं ती जोडून टाकावी. त्यात हायस्कूलवाल्यांच्या तुकड्या जातात म्हणून विरोध होतो हे माहितीये, पण शेवटी बघायचं कुणाचं?

२०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा सक्तीची झाली, नापास झालं तर परत एक संधी आणि तरी नाही जमलं तर त्याच वर्गात. त्यात परिसर अभ्यासाचा पेपर आहे. मला आधी वाटलं होतं यामुळं तरी विषयाला किंमत येईल, पण पेपर रिकाम्या जागा भरा आणि जोड्या लावा असाच येतो, मग पोरं गाईड पाठ करतात आणि संपलं. काही जण आता असंही म्हणतायत की परिसर अभ्यास शिष्यवृत्तीतच घाला, म्हणजे शाळा आपोआप शिकवतील. मला हे अजिबात नको आहे. उद्या इनामगाव कुठल्या नदीकाठी आहे, पर्याय एक भीमा, पर्याय दोन घोड, अशी पानं माझ्याच मशीनमधून निघतील. त्यापेक्षा वार्षिक परीक्षेतले काही गुण मुलानं स्वतः बघून, विचारून, मोजून केलेल्या कामाला द्या, आजीला विचारून गावातल्या जुन्या विहिरींची यादी केली, नकाशा काढला, कालव्यावर जाऊन आलं, असं काहीही. आणि ते पालकांनी करून द्यायचं थर्माकोलचं प्रोजेक्ट नको, तेही मीच विकते, त्यात पोराचा हात फक्त चिकटवण्यापुरता असतो. शाळेच्या वेळात, शाळेच्या आवारात किंवा गावात फिरून जे होईल तेच धरा.

आता चौथीचं. स्कॉलरशिप तिकडं गेली म्हणजे हेच सगळं एक वर्ष आधी सुरू होणार. चौथीला शिवरायांचा इतिहास आहे, संतांच्या कामगिरीपासून ते राज्याभिषेकापर्यंत, महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना इतिहासाची गोडी लागली ती चौथीत. परीक्षेच्या ३०० गुणांत तोही कुठं नाही. पुढच्या जानेवारीत पावनखिंडीचा धडा "घरी वाचून या" झाला तर कुणाला चालेल का, मला नाही चालणार. म्हणून शिक्षण विभागानं आत्ताच स्पष्ट सांगावं की चौथी आणि पाचवी दोन्ही वर्गांना परिसर अभ्यासाचे तास सरावाला वापरायचे नाहीत आणि केंद्रप्रमुखांनी भेटीला आल्यावर शिष्यवृत्तीला किती बसले हे विचारतात तसंच परिसर अभ्यासात मुलं कुठं जाऊन आली हेही विचारावं. नवीन अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं यायला लागलाय, पाचवीची पुस्तकंही बदलतील, तेव्हा हे भाग कमी करू नयेत आणि प्रत्येक तालुक्यातल्या शिक्षकांना आपापल्या भागातली दोन-चार ठिकाणं धड्यांना जोडून द्यावीत. शिरूरला इनामगाव आहे, संगमनेरला जोर्वे आहे, श्रीरामपूरकडं दायमाबाद आहे, तिथंही इनामगावसारख्याच जुन्या वस्त्या सापडल्यात, सगळीकडं काही ना काही आहेच.

एक विनंती तुम्हालाही आहे. दरवर्षी परीक्षा जवळ आली की पेपरात शिष्यवृत्ती मार्गदर्शनाचं सदर येतं, पालक ते कात्रण कापून माझ्याकडं झेरॉक्सला आणतात, इतकं ते वाचलं जातं. त्याच पानावर आठवड्यातून एकदा पाचवीच्या परिसर अभ्यासातला एक धडा आणि आपल्या जिल्ह्यातली त्याला जोडलेली एक जागा, तिथं कसं जायचं, काय बघायचं, मुलांनी काय विचारायचं, एवढं छापा. त्या कात्रणाची झेरॉक्स मी पाचवीच्या पोरांना पैसे न घेता काढून देईन.

आपली नम्र,
एक पालक आणि दुकानदार,
ता. शिरूर, जि. पुणे